खोक्यावरचे वॅट आणि गाडीतले वॅट: ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी कशी जमते

भाचा मानपाड्याहून आला तो कापडी पिशवी घेऊन. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतून दोन स्पीकर काढून त्यावर ठेवले. साडेसहा इंची, महिन्याभरापूर्वी गाडीच्या पुढच्या दारांत बसवलेले. "मामा, हे तीनशे वॅटचे आहेत आणि ॲम्प फक्त साठचा. मग हे जळले कसे?"

मी एक स्पीकर उचलला, कोनच्या, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या, दोन बाजूंना अंगठे ठेवले आणि हलकेच आत दाबला. चांगला स्पीकर मुकाट आत जातो आणि मुकाट परत येतो. हा खर्र करत गेला आणि अर्ध्यात अडकला. मल्टिमीटर ओहमवर घेऊन टोकं टर्मिनलला टेकवली. चार ओहमच्या धडधाकट स्पीकरवर मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो, इथे काहीच येईना. नाकाशी धरला तर करपलेल्या वार्निशचा वास. आतली व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, जळून तुटली होती.

भाच्याचा प्रश्न अगदी रास्त होता. खोक्यावर एकीकडे ३००, दुसरीकडे ६०. कुणीही म्हणेल की स्पीकर पाचपट दणकट आहे. मी रबाळे एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो आणि गाडीतलं संगीत हा माझा जुना नाद. त्यामुळे शेजारपाजारचे, कंपनीतले बरेच जण सिस्टीम घेण्याआधी किंवा बिघडल्यावर माझ्याकडे येतात, आणि जवळपास प्रत्येकाची फसगत या वॅटच्या आकड्यातच झालेली असते. म्हणून भाच्याला जे सांगितलं ते इथे नीट मांडतो.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण गाडीतल्या आवाजाची सगळी मर्यादा तिथे ठरते. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर ती १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. डॅशबोर्डमधल्या डेकमध्ये स्पीकर चालवणारी एक छोटी चिप असते आणि तिला मिळतात ते एवढेच व्होल्ट. तरी डेकच्या खोक्यावर '५० वॅट × ४' छापलेलं असतं. हे ५० कुठून आले, ते घरी कागदावर काढून बघता येतं. ताकद काढायचं सूत्र सोपं आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७. त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की आले ५१.८.

म्हणजे काय, तर पूर्ण बॅटरी स्पीकरला कधी सुलटी, कधी उलटी अशी सतत जोडत राहिलो, मध्ये चढ नाही, उतार नाही, तर ५० वॅट जातील. पण गाण्याची लाट अशी नसते. ती शून्यापासून चढते, टोकाला पोचते आणि उतरते. तेवढ्याच उंचीच्या गुळगुळीत लाटेची ताकद बरोबर निम्मी भरते, म्हणजे २६ वॅट. त्यातलं थोडं चिपमध्येच खर्च होतं, आणि आवाज फाटायच्या आत थांबायचं म्हटलं की हातात १८ ते २२ वॅट उरतात. सतत, स्वच्छ मिळणाऱ्या या ताकदीला आरएमएस वॅट म्हणतात. खरेदीला जाताना एवढा एकच शब्द लक्षात ठेवला तरी निम्मी लढाई जिंकली.

वेगळा ॲम्प लावायचा तो याचसाठी. त्याच्या पोटात आधी एक पॉवर सप्लाय असतो. तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट करतो आणि मग ॲम्पचा खरा भाग त्यावर चालतो. लाटेला वर चढायला जागा मिळते. '५०० वॅट' असं ठळक छापलेलं पण मुठीत मावणारं, बारीक वायरचं आणि ५ अँपिअरच्या फ्यूजचं खेळणं कुणी दाखवलं, तर गणित करा: ५ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट, फक्त ७० वॅट. आत ७० जात असतील तर बाहेर ५०० कुठून येणार? फ्यूजचा आकडा खोक्यापेक्षा फार प्रामाणिक असतो.

माझ्या वयाच्या लोकांना पीएमपीओ, म्हणजे क्षणिक टोकाचा फुगवलेला वॅटचा आकडा, आठवत असेल. टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅटचे स्टिकर असायचे. तो शब्द गेला, त्याची जागा 'मॅक्स' आणि 'पीक' यांनी घेतली. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं एक प्रमाण आलं. त्यानुसार मोजायचं तर १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या लोडवर, आणि आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून. ॲम्पच्या माहितीपत्रकात हे नाव दिसलं तर त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता स्पीकरकडे. स्पीकरवर लिहिलेले वॅट हे तो किती आवाज देईल याचं माप नाही. तो किती उष्णता सोसेल, याचं ते माप आहे. ही गोष्ट कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. साधारण ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर (संवेदनशीलता म्हणजे काय ते पुढे येईलच) मिळालेल्या विजेतला १ टक्काही आवाजात बदलत नाही. ६० वॅट पाठवले तर अर्ध्या वॅटहूनही कमी गाणं झालं आणि उरलेले सगळे त्या केसासारख्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत तापत राहिले. सोल्डरिंगची साधी गन २५ वॅटची असते, तिच्या टोकावर शिसं वितळतं. त्यावरून कॉइलची कल्पना करा. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, १०० अंशांनी तापलं तर जवळजवळ ३९ टक्क्यांनी. रोध वाढला की आवाज दबतो, आवाज दबला की आपण नॉब अजून फिरवतो. जोरात लावलेली सिस्टीम अर्ध्या तासाने मंद वाटू लागते ती यामुळे. तेव्हा खरं तर आवाज कमी करून तिला दम घेऊ द्यायला हवा.

भाच्याच्या स्पीकरच्या खोक्याला मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, आरएमएस ६० वॅट लिहिलेलं होतं. ३०० हा मॅक्स. ॲम्पही प्रत्येक चॅनलला, म्हणजे स्पीकर जोडायच्या प्रत्येक वाटेला, ६० आरएमएसचा. म्हणजे स्पीकर पाचपट दणकट नव्हता, पण जोडी वाईटही नव्हती. माझा स्वतःचा ठोकताळा असा की स्पीकरच्या आरएमएसच्या पाऊणपट ते दीडपट यामधला ॲम्प घ्यावा, आणि तो आकडा त्या स्पीकरच्याच ओहमवर दिलेला असावा. ६० ला ६० म्हणजे तर मधोमध.

मग जळले कसे?

डिकीत वाकून ॲम्प बघितला आणि उत्तर मिळालं. गेनचा स्क्रू टोकापर्यंत फिरवलेला. बेस बूस्ट पूर्ण. एचपीएफचं, म्हणजे खालचे सूर अडवणाऱ्या फिल्टरचं, बटण बंद. त्यावर डेकमध्ये बेस अजून फुगवणारं लाउडनेस चालू. बसवणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "फुल करून दिलाय, पैसे वसूल."

गेन हा आवाजाचा नॉब नाही. ज्यांच्याकडे ॲम्प आहे त्यांनी हे वाक्य कृपा करून दोनदा वाचावं. डेककडून ॲम्पला एक बारीकसा सिग्नल जातो. कुठल्या डेकचा जास्तीत जास्त २ व्होल्ट, कुठल्याचा ४. ॲम्पला कळायला हवं की किती व्होल्ट आले म्हणजे पूर्ण ताकद द्यायची. गेन फक्त एवढंच ठरवतो. तो पूर्ण फिरवला म्हणजे ॲम्पला सांगितलं की पाव व्होल्ट आला तरी सगळी ताकद लाव. मग डेकवरून २ व्होल्ट आले की ॲम्प काय करेल? तो लाट आठपट उंच करायला बघतो, पण त्याच्या व्होल्टचं छत तर ठरलेलं. लाटेचं डोकं छताला आपटतं आणि सपाट होतं. यालाच क्लिपिंग म्हणतात.

सपाट डोक्याची लाट कानाला फाटकी लागते, ते तर झालंच. पण वर डेकच्या ५० वॅटचं गणित केलं ते आठवा: गुळगुळीत लाट २६ भरते आणि पूर्ण सपाट लाट ५२. म्हणजे ६० वॅटचा ॲम्प पुरता क्लिप झाला तर १२० वॅटपर्यंत ओतू शकतो. भाच्याची कॉइल ६० सोसणारी. घोडबंदर रोडच्या गर्दीत रोज तासभर, काचा बंद करून, तिच्यात दुप्पट उष्णता गेली. मे महिन्याचे दिवस, दारातली हवा आधीच तापलेली. महिनाभर टिकली हेच खूप.

लोक म्हणतात, कमी वॅटचा ॲम्प स्पीकर जाळतो. ते पूर्ण खरं नाही. डेकची २० वॅटची चिप कितीही क्लिप झाली तरी ६० वॅटच्या वूफरच्या (खालचे-मधले सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कॉइलला ती एकटी सहसा जाळू शकत नाही. बळी जातो ट्विटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा. सपाट झालेल्या लाटेत मुळात नसलेले तीक्ष्ण सूर तयार होतात, ते सगळे ट्विटरकडे जातात, आणि त्याची कॉइल मोजके वॅट सोसेल एवढीच नाजूक असते.

खरखर मात्र उष्णतेची नव्हती. ती एचपीएफ बंद ठेवल्याची. सूर जितका खालचा, तितका कोन जास्त हलावा लागतो. तेवढ्याच आवाजासाठी वारंवारता निम्मी झाली तर हालचाल चौपट. ८० हर्ट्झला कोन १ मिलिमीटर हलत असेल तर ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर. साडेसहा इंची दाराच्या स्पीकरला एवढी झेप झेपत नाही. कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर येते, तिरकी होते, घासते. म्हणून ॲम्पवरचं एचपीएफ चालू करून ८० हर्ट्झच्या आसपास ठेवायचं, म्हणजे त्याखालचे सूर दाराच्या स्पीकरला मिळतच नाहीत. बेस कमी होईल अशी भीती वाटते. उलट दाराचे स्पीकर मोकळे होतात, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो आणि सिस्टीम आधीपेक्षा जोरात वाजवता येते. खालचे सूर सबवूफरचं काम आहे, त्याचं एलपीएफ, म्हणजे वरचे सूर अडवणारं फिल्टर, तिथेच, ८० ला.

सबवूफरवरून ओहमचा विषय निघतो, आणि इथे ॲम्प मरतात. कोपरखैरण्यातल्या माझ्या एका मित्राच्या गाडीत दर दहा मिनिटांनी ॲम्प बंद पडायचा, लाल दिवा लागायचा. थोड्या वेळाने परत चालू. त्याने दोनदा ॲम्प दुरुस्तीला दिला, दोन्ही वेळा 'काही दोष नाही' म्हणून परत आला. दोष नव्हताच, जोडणी चुकली होती.

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. अडथळा निम्मा केला तर तेवढ्याच व्होल्टला दुप्पट अँपिअर वाहतात. ६० वॅटच्या चॅनलवर १५.५ व्होल्ट असतात. ४ ओहमला त्यातून पावणेचार-चार अँपिअर जातात, २ ओहमला पावणेआठ. ॲम्पमधले ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेले असतील तर उत्तम, नसतील तर तापून स्वतःला वाचवायला बंद होतात किंवा जळतात. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे, घरातले बहुधा ८. घरचे जुने ८ ओहमचे स्पीकर गाडीत लावले तर काही बिघडणार नाही, फक्त ताकद साधारण निम्मी मिळेल.

दोन स्पीकर एकाच चॅनलला लावताना प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडले तर ४ आणि ४ चे २ ओहम होतात. एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडून साखळी केली तर ८. बऱ्याच सबवूफरमध्ये दोन कॉइल असतात, तिथेही हाच हिशेब. दोन कॉइल ४-४ ओहमच्या असतील तर एकतर २ मिळतील नाहीतर ८. चार कधीच मिळणार नाहीत. दोन्ही २-२ च्या असतील तर १ किंवा ४.

आणि ब्रिज. चार चॅनलच्या ॲम्पचे मागचे दोन चॅनल एकत्र करून सबला द्यायचे, ही आपल्याकडची सगळ्यांत लोकप्रिय जोडणी, आणि चांगली आहे. पुढच्या दोन चॅनलवर दाराचे स्पीकर, मागच्या दोनवर मिळून सब, एकाच ॲम्पमध्ये काम होतं. पण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो. ४ ओहमचा सब ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनलला वाटतं आपल्यावर २ ओहम आहेत. ॲम्पच्या माहितीपत्रकात 'ब्रिज्ड: किमान ४ ओहम' असं लिहितात ते म्हणूनच. मित्राचा सब ४-४ चा, दोन्ही कॉइल एकत्र जोडून २ ओहम केलेला आणि वर ब्रिज. प्रत्येक चॅनल १ ओहम ओढत होता. त्याच्या दोन कॉइल साखळीत जोडून आम्ही ८ केले. ताकद कमी झाली, पण त्या दिवसापासून लाल दिवा लागला नाही. त्याने घेताना २-२ ची जोडी घेतली असती तर नेमके ४ मिळाले असते. म्हणून आधी ॲम्पचं माहितीपत्रक वाचायचं आणि त्याला लागतील तेवढ्या ओहमचा सब निवडायचा. बहुतेक जण उलट करतात.

खरेदीच्या आधी अजून एक आकडा बघायला हवा, आणि त्याकडे कुणी बघत नाही: संवेदनशीलता. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. इथे डेसिबलची गंमत समजून घ्यावी लागते. ताकद दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल, कानाला जेमतेम 'जरा वाढला' वाटतं. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. आता दोन जोड्या घ्या. ८८ डेसिबलचा स्पीकर आणि ५० वॅटचा ॲम्प: ८८ अधिक १७, झाले १०५. दुसरीकडे ९२ डेसिबलचा स्पीकर आणि फक्त २० वॅट, म्हणजे डेकचीच ताकद: ९२ अधिक १३, तेही १०५. स्पीकर विचारपूर्वक निवडला तर ॲम्पचे पैसे वाचले! एक मेख मात्र आहे. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ते ८ ओहमला १ वॅट होतात, पण गाडीच्या ४ ओहमला २ वॅट. अशा आकड्यातून ३ वजा करून मगच तुलना करायची.

मग २० वॅटच पुरत असतील तर ॲम्प कशाला, असं भाच्याने विचारलंच. ज्यांना एफएम आणि बातम्या ऐकायच्या त्यांना खरंच नको. पण गाण्यात सरासरी आवाज आणि क्षणिक टोक यात दहा-पंधरा डेसिबलचं अंतर असतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना गाडीच्या आतच सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. त्यावरून गाणं ऐकू यायला दीड-दोन वॅट चालत असतील, तेव्हा ढोलकीची एक कडक थाप क्षणभर चाळीस-पन्नास वॅट मागते. डेक ती थाप छाटतो. ॲम्प ती पूर्ण वाजू देतो. चांगल्या ॲम्पचा फायदा मोठ्या आवाजात शोधू नका, त्या थापेत शोधा. आणि कानांनाही जपा: अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ९४ ला एकच तास उरतो.

वायरिंगवर मी जरा कडक बोलतो, कारण इथे चूक झाली तर स्पीकर नाही, गाडी जळते. चार चॅनल, प्रत्येकी ६० वॅट, म्हणजे २४० वॅट बाहेर. क्लास डी प्रकारचा ॲम्प ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम धरला तर आत ३०० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला २२ अँपिअर. जुन्या धाटणीचा क्लास एबी असेल तर तिसाच्या वर. एवढा प्रवाह बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर न्यायचा. घरच्या प्लगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकणारे मी पाहिले आहेत. तिच्यात पाऊण व्होल्ट वाटेतच गळतात आणि वायर तापते. आठ गेजची, म्हणजे साडेआठ स्क्वेअर एमएमच्या आसपासची शुद्ध तांब्याची वायर असेल तर पाव व्होल्टही जात नाही. पण बाजारातली बरीच 'आठ गेज किट' तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असतात. ब्लेडने एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ते तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच वाहून नेतं, म्हणून घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या. आपण खाडीच्या काठावरचे लोक. ऐरोली, वाशी, कोपरी, सगळीकडे खारट दमट हवा. उघडी ठेवलेली टोकं दोन पावसाळ्यांत हिरवी पडतात. टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवूनच जोडा.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट नसेल, तर रोजच्या थरथरीने इन्सुलेशन घासतं आणि एक दिवस बॅटरीचा प्लस थेट बॉडीला टेकतो. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतते. मध्ये फ्यूज असला तर टिक आवाज येऊन गोष्ट संपते. नसला तर डॅशबोर्डखाली आग. भाच्याच्या गाडीत फ्यूज होता, पण डिकीत, ॲम्पच्या शेजारी. म्हणजे पाच मीटर वायर उघड्यावर. तो आम्ही त्याच दुपारी बॉनेटमध्ये हलवला.

अर्थिंग तेवढीच जाड वायर घेऊन, हातभराच्या आत, रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. रेस दिली की स्पीकरमधून कुईं आवाज येत असेल तर आधी अर्थिंग बघा. डेककडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. नव्या गाडीत कंपनीची वायर कापू नका, वॉरंटीचा वाद होतो. त्या गाडीच्या सॉकेटला तसंच बसणारं कपलर मिळतं. डेक काढण्यासारखा नसेल तर हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या, तो स्पीकरच्याच वायरमधून सिग्नल उचलतो. आणि ॲम्प सीटखाली बसवणार असाल तर जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. पाणी साचलेल्या रस्त्यावरून एकदा गाडी गेली की कार्पेट भिजतं. थोडा उंच बसवा.

दाराबद्दल थोडंच. स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला उलटा असतो, पत्र्यातल्या भोकांतून तो पुढे आला की बेस खाऊन टाकतो. डॅम्पिंग शीटने ती भोकं बुजवली की त्याच ॲम्पवर बेस वाढतो. दाराच्या तळाची पाणी निघून जायची छिद्रं मात्र बुजवायची नाहीत. दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस एकाच दिशेने लागले आहेत ना, हे बघायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर उचलला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत गेला तर एकाच्या वायरी उलट्या आहेत.

पुढच्या रविवारी भाचा तसेच ६० आरएमएसचे नवे स्पीकर घेऊन आला. गेन लावायला इंजिन चालू ठेवावं लागतं. म्हणून सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये हे काम करू नये, धूर साठतो. आम्ही खाडीकडच्या मोकळ्या रस्त्याला गाडी उभी केली. स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून सोडवल्या, त्यामुळे आवाज काहीच नाही. डेकचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बेस बूस्ट शून्यावर. पेन ड्राइव्हवर २०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा टेस्ट टोन. बरेच जण १ किलोहर्ट्झचा घेतात, पण स्वस्त मल्टिमीटर चारशे हर्ट्झच्या पुढे चुकीचं दाखवू शकतो. डेकचा आवाज ४० पैकी ३२ वर. मग वहीत गणित: ६० वॅट गुणिले ४ ओहम, २४०, त्याचं वर्गमूळ १५.५. मीटर एसी व्होल्टवर घेऊन चॅनलच्या टर्मिनलला लावला.

स्क्रू ड्रायव्हर मी भाच्याच्या हातात दिला आणि गेन आधी पूर्ण खाली आणायला लावला. मीटरवर साडेचार व्होल्ट. केसभर फिरवलं, सात. अजून जरा, अकरा. मग १४.२, १५.१, आणि १५.५ ला त्याने हात काढला. दुसरा चॅनल मोजला, १५.४. वायरी परत जोडल्या, एचपीएफ ८० वर केलं. टोन बंद केल्यावरच जोडल्या, नाहीतर पूर्ण ताकदीचा सलग सूर ट्विटर-वूफर कुणालाच मानवत नाही. पुढे डेक ३२ च्या वर न्यायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.

गेनचा स्क्रू घड्याळात सकाळचे साडेनऊ वाजताना काटा असतो तिथे उभा होता. बसवणाऱ्याने तो पाचच्या जागी ठेवला होता. भाच्याने खिशातून पांढरा मार्कर काढला आणि साडेनऊवर एक ठिपका दिला.